हळदीची बंदी आणि दालचिनीचा हिशेब

श्रीलंकेचा विषय निघाला की आपल्याकडे दोन ठरलेले सूर लागतात. एक म्हणतो, ज्या बेटावर पोर्तुगीज, डच आणि इंग्रज एकामागून एक, प्रत्येकी साधारण दीडशे वर्षं ठाण मांडून बसले, त्या मसाल्याच्या बेटाने स्वतःच्या कालवणासाठी हळद आणि सुकी मिरची भारतातून मागवावी, ही नामुष्की आहे. दुसरा म्हणतो, आयात थांबवायला गेले आणि तोंडघशी पडले. बाजार मोकळा सोडावा, सरकारने त्यात नाक खुपसू नये. दोन्ही सुरांत जोर भरपूर आहे, पण दोघेही एकच गोष्ट मोजत बसलेत: बंदरातून आत काय आलं. छोट्या देशाच्या मसाल्याचा हिशेब या मापाने लागतच नाही, असं माझं म्हणणं आहे. बंदरातून बाहेर काय गेलं, कोणत्या नावाने गेलं आणि झाडाची साल सोलणारा माणूस पुढच्या हंगामाला परत येणार आहे का, हे तीन प्रश्न विचारले तर श्रीलंकेची खरी दुखरी जागा हळदीत नाही, दालचिनीत सापडते. आणि तिथे हात लावायला ना स्वयंपूर्णतावाद्यांना सवड झाली, ना खुल्या बाजारवाल्यांना.

आधी हळदीचं प्रकरण, कारण वाद तिथूनच पेटतो. 2019 च्या अखेरीस गोटाबया राजपक्षे राष्ट्राध्यक्ष झाले आणि लगोलग हळदीच्या आयातीवर बंदी आली. हेतू सांगितला गेला तो देशी शेतकऱ्याला भाव मिळावा हा. काही महिन्यांत कोरोना आला. हळदीने रोग दूर राहतो या समजुतीने घरोघरी हळदीचं पाणी शिंपडलं जाऊ लागलं, मागणी उसळली आणि पुरवठ्याचं दार तर बंद. सरकारने किरकोळ विक्रीची कमाल किंमत ठरवून पाहिली. त्या किमतीला हळद मिळेना. काळ्या बाजारात भाव कैक पटींनी चढला, हळदीच्या पुडीत पीठ आणि रंग मिसळले जाऊ लागले, आणि तमिळनाडूच्या मंडपम, तुतुकुडीच्या किनाऱ्यावरून रात्रीच्या होड्यांत हळदीची पोती निघाली. जिथून एकेकाळी सोनं आणि इलेक्ट्रॉनिक वस्तूंची चोरटी ने-आण चाले, तिथे दोन्ही देशांचे गस्तवाले हळद पकडू लागले. हे वाचून आपल्याकडे हसू फुटलं. पण हसण्यापलीकडे जाऊन बंदी का फसली, हे फार कमी जणांनी विचारलं.

उत्तर गड्ड्यात आहे. हळदीचं बी म्हणजे हळदच. आपल्याकडे सांगली, हिंगोली, वसमतच्या शेतकऱ्याला हेक्टरी साधारण 25 क्विंटल जेठे गड्डे लागतात. म्हणजे देशात आहे ती हळद एक तर खायची किंवा लावायची. दोन्ही एकाच वर्षी होत नाही. लागवड कित्येक पटींनी वाढवायची तर पहिल्या वर्षी बाजारातली हळद आणखी कमी होणार, हे पिकाच्या स्वभावातच आहे. त्यावर पीक निघायला आठ-नऊ महिने. नंतर ती शिजवायची, वाळवायची, पॉलिश करायची. त्याची यंत्रं, जागा, सरपण आणि जाणती माणसं एका अध्यादेशाने उभी राहत नाहीत. सांगलीची हळदपेठ उभी राहायला पिढ्या लागल्या, हरिपूरची हळद साठवायची जमिनीखालची पेवं ही त्याचीच खूण. आयात आज बंद आणि पीक दोन वर्षांनी, या मधल्या काळात गृहिणीने काय करायचं याचा विचार ज्या धोरणात नाही त्याला शेतकरीहिताचं धोरण म्हणणंही धाडसाचं आहे. पुढे 2021 मध्ये याच सरकारने रासायनिक खतांची आयात एका फटक्यात थांबवली आणि काही महिन्यांत निर्णय फिरवला. हळद ही त्याची रंगीत तालीम होती.

बंदीच्या बाजूने जे सर्वांत बळकट बोललं जातं, ते मात्र टाळून चालणार नाही. लागवड खरोखर वाढली. पुढच्या हंगामांत देशी हळद बाजारात आली आणि भाव उतरले. कुरुणेगला, गंपहा, मातले या भागांतल्या ज्या शेतकऱ्याला भारतीय हळदीपुढे टिकावच धरता येत नव्हता, त्याला काही काळ चार पैसे मिळाले. भारतात जगातली बहुतेक हळद पिकते. आपल्या बाजारातली मंदी ही शेजारच्या छोट्या देशासाठी पूर असते, आणि पुराच्या वेळी बांध घालावासा वाटणं चूक नाही. हे सगळं मान्य. पण पुढचं पाहा. भाव उतरल्यावर नव्याने हळदीकडे वळलेला शेतकरीच अडचणीत आला, कारण त्याने बियाणं चढ्या भावाने घेतलं होतं. बांधाने पूर अडला, पण बांधाच्या आतली जमीन कशाला योग्य आहे हा प्रश्न तसाच राहिला. जकात हळूहळू वाढवता आली असती, बियाणं आधी वाटता आलं असतं, प्रक्रियेची सोय आधी करता आली असती. बंदीला मिळालेलं जे काही श्रेय आहे ते या साध्या मार्गांनीही मिळालं असतं, होड्यांशिवाय.

दुसरा बळकट मुद्दा डॉलरचा. 12 एप्रिल 2022 ला श्रीलंकेने परदेशी कर्जाचे हप्ते थांबवत असल्याचं जाहीर केलं. ज्या देशाच्या तिजोरीत डॉलर नाहीत त्याने पैनपै वाचवायला नको का? वाचवावी, पण आकडा तरी मांडा. वर्षाला पाच-सहा हजार टन हळद आयात होत होती असं धरू. 2019 च्या आसपास आपल्या पेठांत हळदीचा भाव क्विंटलला साधारण सहा-सात हजार रुपये होता. गुणाकार केला तर रक्कम चाळीस कोटी रुपयांच्या अलीकडे-पलीकडे जाते. डॉलरमध्ये एक कोटीही नाही. आणि एकट्या दालचिनीची श्रीलंकेची निर्यात वर्षाला वीस कोटी डॉलरच्या घरात आहे. म्हणजे दालचिनीला किलोमागे पाच टक्के जास्त भाव मिळवून दिला असता, तर हळदीचं अख्खं आयात बिल त्यात निघालं असतं. ज्या देशाचे परदेशी हप्तेच वर्षाला कित्येकशे कोटी डॉलरचे होते, त्याने या कोटीभराच्या आतल्या खर्चावर एवढी शक्ती खर्च करावी आणि त्याला आर्थिक राष्ट्रवाद म्हणावं?

नामुष्कीवाल्यांचा मुद्दा त्याहून पोकळ आहे. मसाला पिकवणारा देश आणि तोच मसाला खाणारा देश एकच असावा, हा नियम कोणी केला? ग्वाटेमाला जगात सर्वांत जास्त वेलदोडा निर्यात करतो आणि स्वतः जवळजवळ खात नाही. वेलदोडा जातो अरबांच्या कॉफीत. भारत मसाल्यांचा सर्वांत मोठा देश, पण आपल्या फोडणीतला हिंग पिढ्यान्‌पिढ्या अफगाणिस्तान आणि इराणकडून आला. लाहौलच्या क्वारिंग गावात हिंगाचं पहिलं रोप लावलं गेलं ते 2020 च्या ऑक्टोबरमध्ये. त्याआधीची आपली आमटी परावलंबी होती, असं कोणी म्हणाल्याचं ऐकिवात नाही. श्रीलंकेत रोज शिजणाऱ्या परिप्पूत, म्हणजे डाळीच्या कालवणात, मसूर बाहेरची, सांबोल या चटणीतले सुक्या माशाचे तुकडे मालदीवचे, आणि ती दोन्ही पक्वान्नं शंभर टक्के लंकेची. खाणं हे देवाणघेवाणीतूनच घडतं. ज्या जमिनीत आणि ज्या हवेत दालचिनी जगात सर्वांत उत्तम येते, तिथे हळदीसाठी हट्ट धरणं याला स्वाभिमान म्हणायचं की हिशेबाचा आळस?

खुल्या बाजारवाल्यांना इथवर वाचून बरं वाटलं असेल. त्यांनी जरा थांबावं. आपल्याला जे उत्तम येतं ते पिकवा, बाकीचं विकत घ्या, एवढंच म्हणून जर काम भागत असतं तर दालचिनीने श्रीलंकेला केव्हाच श्रीमंत केलं असतं. जगातल्या अस्सल दालचिनीचा फार मोठा वाटा, चार हिश्श्यांपैकी तीनहून अधिक, हे एक बेट पुरवतं. एवढी पकड हातात असताना भाव ठरवण्याची ताकद का नाही?

कारण इतिहासात आहे, आणि तो वसाहतींच्या कथेत सांगतात तसा नुसता लुटीचा नाही. डचांनी दालचिनी बळकावली तेव्हा त्यांच्या परवानगीशिवाय झाड तोडणाऱ्याला किंवा साल विकणाऱ्याला देहदंड होता. माल जंगलातून, बराचसा कँडीच्या राजाच्या मुलखातून यायचा. राजाशी बिघडलं की पुरवठा थांबायचा, म्हणून 1760 च्या दशकात कोलंबोजवळ मरदाना भागात त्यांनी लागवड सुरू केली. आज तिथून जवळच शहराच्या श्रीमंत वस्तीला ‘सिनॅमन गार्डन्स’ म्हणतात. भाव पडू नयेत म्हणून आम्सटरडॅममध्ये मसाल्यांचे ढीग जाळले गेल्याच्या नोंदी आहेत. इंग्रजांनी 1796 मध्ये किनारा घेतला, दालचिनीची सरकारी मक्तेदारी 1833 मध्ये उठली, पण तिच्या जागी निर्यातीवर असा जबर कर बसवला की लंकेची साल युरोपच्या दुकानात परवडेनाशी झाली. गिऱ्हाईक काय करतं? ते दुसऱ्या सालीकडे वळतं. चीनची जाड, तिखट, स्वस्त साल तयार होतीच. बेटाने आधी कॉफी धरली, मग चहा. पुरवठा आवळून भाव टिकवण्याचा प्रयोग या बेटावर आधीच होऊन गेला होता, आणि त्यातून दालचिनी महाग झाली नाही, दालचिनीची नक्कल मात्र जन्माला आली. हळदीच्या बंदीवाल्यांनी आपल्याच बेटाचं हे प्रकरण वाचायला हवं होतं.

तीच नक्कल आज बाजार खाते आहे. इंडोनेशिया, चीन आणि व्हिएतनामची साल, जिला आपल्याकडच्या अन्नसुरक्षा नियमांत ‘तज’ म्हणून वेगळी जागा आहे, ती जगभर दालचिनी म्हणूनच विकली जाते. अमेरिकेत दोन्हींना एकच नाव चालतं. मुंबई-पुण्याच्या किराणा दुकानात ‘दालचिनी’ मागितली तर हातात पडतो तो लाकडासारखा जाड, एकेरी वळलेला तुकडा. नियमांतला भेद पुडीवर उतरत नाही. आपल्या गोड्या मसाल्याला तोच चालतो, त्यात गैर काही नाही, पण तो त्याच्या नावाने विकावा. हा नुसता चवीचा प्रश्नही नाही. तजेत कूमारिन नावाचं द्रव्य बरंच असतं आणि ते रोज, जास्त प्रमाणात पोटात गेलं तर यकृताला बाधू शकतं; 2006 मध्ये जर्मनीच्या अन्नतपासणी संस्थेने नाताळच्या बिस्किटांवरून हा इशारा दिला तेव्हा युरोपात खळबळ माजली. लंकेच्या दालचिनीत ते नावापुरतं असतं. ज्या मालाच्या बाजूने शास्त्र, इतिहास आणि चव तिन्ही उभे आहेत, तो माल तजेच्या भावाशी स्पर्धा करत बसतो, कारण पुडीवर दोघांचं नाव सारखं. इथे बाजार मोकळाच आहे. खोटं नाव खपवण्याची मोकळीकही त्यात धरलेली आहे, एवढंच.

फेब्रुवारी 2022 मध्ये युरोपीय संघाने ‘सिलोन सिनॅमन’ला भौगोलिक मानांकन दिलं. श्रीलंकेचं हे पहिलं. देश दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर असताना मिळालेली ही गोष्ट हळदीच्या सगळ्या बंदीपेक्षा मोलाची होती, आणि तिच्यावर आपल्याकडे चार ओळीही छापून आल्या नाहीत. अर्थात मानांकनाने सगळं होतं असंही नाही. लंकेच्या दालचिनीचं सर्वांत मोठं गिऱ्हाईक युरोपात नाहीच. ते आहे मेक्सिको. तिथली घरं चॉकलेटात, कॉफीत, मक्याच्या पेयात ही पातळ, हाताने चुरगळणारी साल घालतात आणि तज दिली तर नाक मुरडतात. ही सवय स्पॅनिश काळापासूनची आहे. कोणत्याही शिक्क्याविना, नुसत्या जिभेच्या आग्रहाने, एक देश अस्सल मालाला दर देतो. म्हणून दालचिनीसाठी मांडणी करायची तर ती ब्रसेल्समध्ये करावी तशी दक्षिण अमेरिकेतल्या लिमा, बोगोटात आणि मुंबईतही करावी लागेल.

आता तिसरा प्रश्न, सोलणाऱ्याचा. दालचिनी हे एकमेव मोठं मसाल्याचं पीक असेल ज्याची किंमत झाडापेक्षा हातात जास्त आहे. पावसानंतर कोवळी तांबूस पालवी हिरवी होऊ लागली की साल सुटायला तयार होते. फांद्या तोडायच्या, वरची करडी साल खरवडून काढायची, पितळी दांड्याने घासून साल सैल करायची, दोन बाजूंना उभे छेद देऊन ती अखंड उतरवायची. मग एकात एक सालीचे पापुद्रे बसवत 42 इंचांची नळी करायची, आत बारीक तुकडे भरायचे, छपराखाली दोरीवर सावलीत वाळवायची. सर्वांत बारीक प्रत ‘अल्बा’. तिची नळी सहा मिलिमीटरहूनही कमी जाडीची. त्याखाली सी-5, सी-4, एम, एच अशा उतरत्या प्रती. एकच फांदी कसलेल्या हातात अल्बा होते आणि नवख्या हातात तुकडे. परंपरेने हे काम सलागम जातीकडे होतं, आणि डचांनी त्यावर वेठ लादली: माणसामागे ठरावीक वजनाची साल दिलीच पाहिजे. त्या वेठीचा डाग आजवर पुसला गेलेला नाही.

इथे माझ्या मांडणीला एक खरा अडथळा आहे. सोलणाऱ्याला पैसे मिळत नाहीत असं सरसकट म्हणता येत नाही. बागवाला त्याला रोजाऐवजी मालाचा वाटा देतो, कुठे तिसरा हिस्सा, कुठे निम्मा. दिवसाची मिळकत साध्या शेतमजुराहून चांगली पडते. तरी गॉल, मातरा, एल्पिटियाच्या बाजूला तोडणीला आलेल्या बागा माणसांविना उभ्या राहतात आणि पोरं रिक्षा चालवणं पसंत करतात. मग भाव वाढवून काय साधणार? गोव्यातल्या बागायतदाराला हे कोडं समजावून सांगावं लागणार नाही. नारळ काढणारा पाडेली शोधून मिळत नाही. दर वाढवले तरी मिळत नाही. कामाला जात चिकटलेली आहे, म्हातारपणाची तरतूद नाही, आणि लग्नाच्या बाजारात त्या कामाला किंमत नाही. श्रीलंकेत कोसगोडाला दालचिनीची प्रशिक्षण अकादमी निघाली, जमिनीवर बसून धुराळ्यात काम करण्याऐवजी टेबल-खुर्चीवर, स्वच्छ शेडमध्ये सोलणी शिकवली जाऊ लागली, हातात प्रमाणपत्र दिलं जाऊ लागलं. मला हा सगळ्या मसाला-धोरणातला सर्वांत शहाणा खर्च वाटतो. तो लहान आहे, हळू आहे, आणि त्याला मंत्र्याने फीत कापली तरी बातमी होत नाही. पण सोलणारा हात संपला तर उरते ती जाडीभरडी साल, आणि त्या शर्यतीत इंडोनेशियाला कोणीच हरवू शकत नाही.

शेवटी आपल्याबद्दल, कारण हसणाऱ्यांत आपण पुढे होतो. 1998 मध्ये सही होऊन 2000 पासून लागू झालेल्या भारत-श्रीलंका करारात तिथल्या मिरीला 2,500 टनांपर्यंत जकात माफ आहे. व्हिएतनामची मिरी कोलंबोमार्गे, लंकेच्या नावाने आपल्याकडे शिरते अशी ओरड झाली, आणि ती निराधार नव्हती. श्रीलंकेनेही 2017 च्या डिसेंबरात पुनर्निर्यातीसाठी मसाले आणण्यावर बंदी घातली. त्याच महिन्यात भारताने किलोला 500 रुपये अशी किमान आयात किंमत ठरवली. पुढे तिच्याखालची आयात सरळ प्रतिबंधित केली. परिणाम काय? केरळ-कोडगूच्या आणि आपल्या दोडामार्ग-सावंतवाडीकडे सुपारीवर मिरवेल चढवणाऱ्या शेतकऱ्याला 500 मिळाले का? भाव उतरतच गेला. 2019-20 मध्ये तो साडेतीनशेच्या आसपास रेंगाळत होता. कागदावर किंमत फुगवून माल येतो, शेजारच्या सीमांवरून चोरून येतो, अशा तक्रारी पिकवणाऱ्यांकडूनच आल्या. मातलेच्या ज्या शेतकऱ्याची मिरी खरोखर त्याच्याच वेलीची होती, जिच्यातलं पायपरिन, म्हणजे तिखटपणा देणारं द्रव्य, जास्त म्हणून कोचीचे अर्क काढणारे कारखाने ती मागत होते, तो मात्र या भिंतीला येऊन धडकला. हळदीच्या बाबतीत कोलंबोने जे केलं, मिरीच्या बाबतीत दिल्लीने त्याचीच सभ्य आवृत्ती काढली. मूळ कोणाचं हे तपासणारी यंत्रणा उभी करायची सोडून किमतीचा आकडा लिहून टाकला, कारण आकडा लिहायला एक दिवस लागतो आणि प्रयोगशाळा, बागांची नोंद, बंदरावरची तपासणी यांना वर्षं लागतात. तीच प्रयोगशाळा उद्या दालचिनीच्या पुडीत तज आहे की नाही हेही सांगेल, आणि त्या दिवशी तिचा पहिला फायदा लंकेतल्या करंदेनियाच्या बागवाल्याला होईल, दुसरा वाशीच्या मसाला बाजारातून पुडी नेणाऱ्या गिऱ्हाइकाला.